माग, तंत्र आणि शिक्षक : प्राथमिक अध्यापनातील अभियांत्रिकी संकल्पनांचा भाषिक विचार

१

प्राथमिक शाळेतील मुलांस अभियांत्रिकीच्या मूलभूत संकल्पनांचा परिचय करून द्यावा, हा विचार आता नवा राहिलेला नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात १९९० पासून ‘रचना व तंत्रविद्या’ हा विषय अगदी पाचव्या वर्षापासूनच्या मुलांसाठी घालण्यात आला. अमेरिकेत बॉस्टनच्या विज्ञान-संग्रहालयाने २००३ च्या सुमारास प्राथमिक शाळांसाठी अभियांत्रिकीचे पाठ तयार करण्याचे काम हाती घेतले आणि २०१३ साली तेथील विज्ञान-शिक्षणाच्या नव्या मानकांत अभियांत्रिकी रचनेस विज्ञानाच्या बरोबरीने स्थान मिळाले. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात काढावेत असे सुचविले आहे. शिवाय २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्म पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असेही त्यात म्हटले आहे.

ह्या सर्व विचारात एक दुवा मात्र कच्चा राहतो. मुलांस हे कोणी शिकवावयाचे, हे ठरले आहे. ते प्राथमिक शिक्षकाने शिकवावयाचे. परंतु त्या शिक्षकास ते कोणी, कशाच्या आधारे आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत शिकवावयाचे, ह्याचा विचार फारच थोडा झालेला दिसतो. आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण पदविकेस बारावीनंतर कोणत्याही शाखेतून प्रवेश मिळतो. कला शाखेतून आलेल्या छात्राध्यापकाचा विज्ञानाशी संबंध दहावीतच संपलेला असतो. दोन वर्षांच्या पदविकेत त्याने तो संबंध पुन्हा जोडावयाचा आणि वर त्यात अभियांत्रिकीची भर घालावयाची, अशी ही अपेक्षा आहे.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. शिक्षणशास्त्राचा अथवा अभियांत्रिकीचा नव्हे. तथापि हा प्रश्न बऱ्याच अंशी भाषेचा आहे, असे आमचे मत आहे, आणि ते येवल्याच्या उदाहरणाने स्पष्ट करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२

काही काळापूर्वी येवल्यातील एका शाळेत एका छात्राध्यापिकेचा सराव-पाठ ऐकण्याचा योग आला. विषय सहावीच्या सामान्य विज्ञानातील ‘साधी यंत्रे’ हा होता. पाठाचे टाचण निर्दोष होते. तरफेची व्याख्या फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिली गेली; टेकू, भार आणि बल ह्यांच्या स्थानांवरून तरफेचे तीन प्रकार सांगितले गेले; कात्री, अडकित्ता आणि चिमटा ही उदाहरणे झाली. मुलांनी व्याख्या एका सुरात म्हणून दाखविली. शेवटी छात्राध्यापिकेने विचारले, ‘तुमच्या घरी तरफेचे आणखी कोणते उदाहरण आहे?’ वर्ग गप्प राहिला. थोड्या वेळाने एका मुलाने पुन्हा ‘कात्री’ असेच उत्तर दिले.

पाठानंतर सहज चौकशी केली, तेव्हा त्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी हातमाग असल्याचे कळले. म्हणजे ज्या घरात वडील, आई अथवा थोरला भाऊ दिवसभर पावड्यावर पाय देऊन ताण्याचे धागे वर-खाली करीत असतो, त्या घरातील मुलास तरफेचे उदाहरण सुचले नाही. उत्तर द्यावयास ते मूल असमर्थ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या मुलाने प्रश्न नीट ऐकला होता. ‘तरफ’ हा शब्द ज्या जगातला होता, त्या जगात माग नव्हता. आणि ‘पावडा’ हा शब्द ज्या जगातला होता, ते जग वर्गाच्या दाराशी चपलांबरोबर बाहेर राहिले होते. छात्राध्यापिकेलाही दोष देण्याचे कारण नाही. तिला पावडा हा शब्द कोणी शिकविलेला नव्हता. तो विचारावा असेही कोणी सांगितलेले नव्हते.

३

ह्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट होईल. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, असा आग्रह धरला होता. शिक्षक आणि शिष्य ह्यांचे जग एक असल्याशिवाय ज्ञानाचा व्यवहार घडत नाही, ही जाणीव त्या मागणीच्या मुळाशी आहे. आजच्या प्रशिक्षण-चर्चेत तिचे स्मरण क्वचितच केले जाते.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेतून आणि तदनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली. हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे केंद्र मानून भाषा, गणित, समाजशास्त्र, विज्ञान हे विषय त्याच्याशी समवायाने जोडावेत, अशी ती कल्पना होती. सूतकताई व विणकाम ह्यांस तीत प्रमुख स्थान होते. शाळेच्या साडेपाच तासांच्या दिवसापैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगास द्यावीत, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ह्यांस मिळून तीस मिनिटे, अशी ती वाटणी होती. शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण आणि तातडीची गरज भागविण्यासाठी एक वर्षाचा लघु, असे दोन प्रशिक्षणक्रम सुचविले गेले. योजनेच्या आर्थिक अंगावर अवाजवी भर पडून तिचा शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका आहे, हेही त्या समितीने स्वतःच नमूद केले होते.

योजना मागे का पडली, ह्याची अनेक कारणे सांगितली जातात. आमच्या दृष्टीने एक कारण विशेष महत्त्वाचे आहे. समवाय साधण्याचे सर्व ओझे शिक्षकावर होते आणि तो साधण्याची साधने मात्र त्याच्याजवळ नव्हती. टकळीवरून भूगोल, चातीवरून इतिहास, असा संबंध जेथे सहज जुळत नसे तेथे तो ओढूनताणून जोडला जाई. जेथे तो स्वाभाविकपणे जुळला असता, म्हणजे यंत्ररचना, बल, गती, मोजमाप ह्या क्षेत्रात, तेथे शिक्षकास ना व्यवसायाची परिभाषा ठाऊक होती, ना विज्ञानाची. परिणामी हस्तव्यवसाय हा तीन तास वीस मिनिटांचा श्रम राहिला आणि विज्ञान हे अर्ध्या तासाचे पाठांतर.

१९६४–६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ अशी नवी संज्ञा दिली. संज्ञा बदलत गेल्या, तरी वर्गातील अनुभव फारसा बदलला नाही. कागदाची फुले, काड्यांची घरे आणि वर्षाअखेरीचे प्रदर्शन, एवढ्यावर पुष्कळ शाळांतील कार्यानुभव थांबला. ‘कार्य’ झाले, त्याचा ‘अनुभव’ भाषेत उतरला नाही, म्हणून त्याची संकल्पना झाली नाही.

ह्या पार्श्वभूमीवर पाबळच्या विज्ञान आश्रमाचा प्रयोग उल्लेखनीय ठरतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील ह्या गावी सुरू केलेल्या कार्यातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला आणि तो अनेक शाळांत राबविला गेला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही रचना व तंत्रविद्येचे घटक मुलांबरोबर करून पाहिले गेले. त्यांत पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती व बाहुल्या अशा वस्तू मुलांनी आधी कल्पिल्या, रेखाटल्या आणि मग घडविल्या. तथापि पाबळचा क्रम प्रामुख्याने आठवी ते दहावीचा आहे, आणि मुंबईचा प्रयत्न संशोधनाच्या अंगाने झालेला. प्राथमिक अध्यापक विद्यालयाचा उंबरठा दोहोंनीही व्यापक प्रमाणात ओलांडलेला नाही.

४

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ‘अभियांत्रिकी’ ही संज्ञा ‘यंत्र’ शब्दावरून घडविलेली आहे. ‘यंत्र’ ह्या शब्दात नियमनाचा, आवरून धरण्याचा अर्थ आहे. इंग्रजी ‘इंजिनियर’ शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘इंजेनियम’ हा शब्द मात्र उपजत बुद्धी, कल्पकता दर्शवितो. त्याच्या जवळ जाणारा मराठी शब्द शोधावयाचा तर तो ‘युक्ती’ हा होय. आणि युक्ती म्हणजे मुळात जोडणी. भाषांतरात एका शब्दाऐवजी दुसरा पसंत केला गेल्याने विषयाचे रूप कसे बदलते, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे. ‘आज आपण अभियांत्रिकी शिकू’ असे म्हटले की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे धरण, पूल आणि कारखाना उभा राहतो व तो दबकतो. ‘आज आपण एक युक्ती शोधू आणि ती का चालते ते पाहू’ असे म्हटले की तोच विषय त्याच्या आटोक्यात येतो.

‘तंत्रज्ञान’ ह्या शब्दाचे भाग्य त्याहून विलक्षण आहे. संस्कृतात ‘तन्त्र’ शब्दाचा जुना अर्थ माग, मागावर ताणलेले उभे धागे, असा आहे. मागावरून नुकत्याच उतरविलेल्या कोऱ्या वस्त्रासाठी ‘तन्त्रक’ हा शब्द पाणिनीने साधून दिला आहे. व्यवस्था, शास्त्र, पद्धती हे अर्थ त्याच चौकटीतून पुढे विकसित झाले. ‘तन्’ म्हणजे ताणणे ह्या धातूपासूनच तंतू, तंत्र, आणि आपल्या बोलीतील ताण व ताणा हे शब्द आले आहेत. ‘सूत्र’ म्हणजे प्रथम धागा, नंतर शास्त्राचे वा गणिताचे सूत्र. सारांश, ज्या ‘तंत्रज्ञाना’साठी येवल्याच्या शाळेत वेगळी पेटी मागविली जाते, त्या शब्दाचा मूळ अर्थच शाळेच्या मागल्या गल्लीत उभा आहे.

व्युत्पत्ती म्हणजे अध्यापन नव्हे, ह्याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. शब्दाचे मूळ सांगितल्याने संकल्पना समजत नाही. म्हणून मागावरील तीन गोष्टींचा थोडा बारकाईने विचार करू.

पहिली गोष्ट ताण. विज्ञानाच्या पुस्तकात ‘ताण’ ही बलाची संज्ञा आहे. विणकराच्या घरात ताणा सैल राहिला तर धागे लोंबतात व धोटा अडकतो, आणि तो फाजील ओढला तर रेशीम तुटते, हे लहान मुलासही ठाऊक असते. ह्या दोन टोकांच्या मधली योग्य जागा शोधणे हे अभियांत्रिकी विचाराचे सार आहे. विज्ञान ‘असे का होते’ हे विचारते. अभियांत्रिकी ‘दिलेल्या मर्यादांत हे कसे साधावे’ असे विचारते. मुलास हा भेद व्याख्येने सांगण्याची गरज नाही. ताणा लावताना वडील बोटाने धागा दाबून का पाहतात, एवढे विचारणे पुरे आहे.

दुसरी गोष्ट पावडा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो व पावडा दाबतो. त्याला जोडलेल्या दोरीने धाग्यांचा एक थर हलतो आणि दोन थरांत धोटा जाण्यापुरती वाट पडते. पावड्याचे एक टोक खिळलेले आहे व दुसऱ्या टोकाशी पाय आहे, असे धरू. दोरी खिळलेल्या टोकाच्या जवळ बांधली तर पायास जोर कमी लागेल. परंतु दोरीही थोडीच ओढली जाईल आणि वाट अरुंद होईल. दोरी पायाकडे सरकविली तर वाट मोठी होईल, पण पाय लवकर थकेल. मग दोरी कोठे बांधावी? धोटा सुखाने जाईल एवढी वाट हवी, आणि दिवसभर काम करता येईल एवढाच जोर लागावा. टेकू, भार व बल ह्या तिन्ही संज्ञा येथे एका खऱ्या निर्णयाच्या सेवेस येतात. कात्रीच्या उदाहरणात असा निर्णय नाही. कात्री तयार मिळते.

तिसरी गोष्ट पुठ्ठे. काठाच्या नक्षीसाठी जॅकार्ड वापरणाऱ्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली असते. भोक असेल तेथे सुई आत जाते व तिच्याशी जोडलेला धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते व धागा खालीच राहतो. १७२५ साली फ्रान्समध्ये बूशाँने भोके पाडलेला कागद मागावर वापरला, त्यानंतर तीन वर्षांनी फाल्कोंने स्वतंत्र पुठ्ठे योजिले, आणि लियोंच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास त्यास पूर्ण यंत्राचे रूप दिले. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हीच कल्पना घेतली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथने भोकांच्या पत्रिकांवर आकडेमोड केली. संगणकाला समजणारी ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन अक्षरांची लिपी येवल्याच्या मुलाने संगणक पाहण्यापूर्वी पाहिलेली असते.

ह्यातून अध्यापनाचा एक सुंदर प्रश्न निघतो. नक्षीत चूक दिसली, तर ती धाग्याची की पुठ्ठ्याची? चूक एकदाच आली असेल तर धागा तुटला किंवा चुकला असावा. पुठ्ठ्यांची माळ फिरून आली की चूकही त्याच जागी फिरून येत असेल, तर दोष पुठ्ठ्यात आहे. दोष कृतीत आहे की सूचनेत, हे त्याच्या पुनरावृत्तीवरून ओळखणे ही तर्काची उच्च प्रतीची क्रिया आहे. चौकटीच्या वहीच्या एका पानावर ती चौथीच्या वर्गातही करून घेता येईल.

५

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की, विणकराच्या मुलास शाळेतही मागच दाखविणे म्हणजे त्यास जन्माच्या व्यवसायाशी पुन्हा बांधणे होय. येवल्यात विणकामाशी खत्री, साळी, कोष्टी ह्या समाजांची नावे परंपरेने जोडली गेली आहेत. मूलोद्योग योजनेवरही अशा प्रकारची टीका झाली होती. शिवाय ह्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. जन्माने लादलेले स्थान माणसावर बंधनकारक नाही, हा तिचा आशय होता. ज्या गावास हा वारसा आहे, तेथे ह्या आक्षेपास हलके लेखता येणार नाही. त्याचे उत्तर कसब आणि संकल्पना ह्यांतील भेदात आहे. विणणे शिकविणे हा येथे उद्देश नाही. पावड्यातील तरफ ज्यास कळली, तो ती तरफ हातपंपात, ढकलगाडीत आणि यारीत ओळखू शकतो. कसब माणसास एका मागाशी जोडते. संकल्पना त्यास त्या मागावरून उठण्याची मोकळीक देते. म्हणूनच हा पाठ वर्गातील सर्व मुलांसाठी असला पाहिजे. व्यापाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या आणि शिक्षकाच्या मुलाने विणकराच्या मुलाकडून एक शब्द शिकावा, ह्यात सामाजिक दृष्ट्याही काही घडते.

दुसरा आक्षेप असा की, कारागिराचे ज्ञान हातात असते, ओठांवर नसते. त्यास ‘का’ विचारले तर ‘असेच करतात’ असे उत्तर येते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु नेमके येथेच शिक्षकाचे कार्य सुरू होते. हातातले ज्ञान वाक्यात आणणे हे भाषेचे काम आहे. त्यासाठी शिक्षकास दोन्ही भाषा येणे आवश्यक आहे : मागाची आणि पुस्तकाची. ह्यांपैकी एकीस शुद्ध व दुसरीस गावंढळ मानणारा शिक्षक हे काम करू शकणार नाही. प्रमाण परिभाषेचा आम्ही अनादर करीत नाही. ‘तरफ’ हा शब्द मुलास आलाच पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे पुस्तक त्याला उघडणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्या शब्दाने मुलाच्या जवळच्या शब्दास घराबाहेर घालवू नये. त्याच्या शेजारी येऊन बसावे.

६

ह्या विवेचनावरून अध्यापक विद्यालयांसाठी काही सूचना निघतात. छात्राध्यापकाने पदविकेच्या काळात आपल्या शाळेच्या परिसरातील एका व्यवसायाचा शब्दसंग्रह स्वतः गोळा करावा. प्रत्येक शब्दापुढे वस्तूचे रेखाटन, तिचे कार्य आणि तिच्यात दडलेली संकल्पना अशा तीन नोंदी असाव्यात. येवल्यात तो असारी, कांडी, धोटा, फणी, पावडा, पुठ्ठे ह्यांचा असेल. अन्यत्र तो कुंभाराचा, लोहाराचा वा मोटारदुरुस्तीच्या दुकानाचा असेल. हे काम मराठीच्या आणि विज्ञानाच्या अध्यापकांनी एकत्र पाहावे. आज ते दोघे एकाच इमारतीत असूनही एकमेकांच्या तासिकेत डोकावत नाहीत. कारागिरास शाळेत ‘पाहुणा’ म्हणून वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देण्याऐवजी, छात्राध्यापकाने त्याच्याजवळ बसून काही दिवस नोंदी कराव्यात आणि त्याच्या वेळेचा योग्य मोबदला संस्थेने द्यावा. धोरणातील दहा दप्तरमुक्त दिवस मुलांआधी शिक्षकाच्या वाट्यास आले पाहिजेत. एरवी ते दिवस सहलीचे होतील. आणि सराव-पाठाच्या मूल्यमापनात व्याख्येच्या अचूकतेबरोबर, ह्या पाठात मुलांच्या घरचा एक तरी शब्द फळ्यावर आला काय, एवढा एक प्रश्न घालावा.

भाषाविभागांसही ह्यात कर्तव्य आहे. व्यवसाय-बोलींचे संकलन आपण आजवर बहुधा लुप्त होणाऱ्या शब्दांचे जतन म्हणून केले. ते शब्द अजून कामास येण्याजोगे आहेत, ह्या दृष्टीने ते पुन्हा पाहावयास हवेत.

ज्या पाठाचा आरंभी उल्लेख केला, तो संपल्यावर वर्गाबाहेर त्याच मुलास आम्ही विचारले, ‘पावड्याची दोरी अलीकडे बांधली तर काय होईल?’ क्षणभरही न थांबता तो म्हणाला, ‘पायाला हलकं जाईल, पण धोटा अडकेल.’ तरफेविषयी त्या दिवशी त्या शाळेत उच्चारले गेलेले ते सर्वांत अचूक वाक्य होते, आणि ते तास संपल्यानंतर, वर्गाच्या बाहेर बोलले गेले. ते वाक्य वर्गाच्या आत कसे आणावे, हे ज्यास कळेल तो शिक्षक घडविणे, हे आपल्या प्रशिक्षण-व्यवस्थेपुढील खरे कार्य आहे.